होडी धरणातली, सल्ला समुद्राचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत होडीला गादीची बैठक घरच्या घरी कशी करावी, यावर लेख आला होता. लेख चांगला होता, कात्रण मी काढून ठेवलंय. पण त्यातली सामानाची यादी मी आमच्या वस्तीवर वाचून दाखवली तेव्हा लोक हसायला लागले. ३१६ नंबरच्या स्टीलच्या पिना, मरीन व्हिनाइल म्हणजे बोटीसाठीचं भारी रेक्झिन, जाळीदार परदेशी फोम, आणि खाली दोन बैठकांचा खर्च चौदा हजार. तेवढ्यात इथं जुनी होडी दुरुस्त होऊन वर जाळी येतात.

लेखक कोकणातले असावेत. त्यांनी सांगितलेलं खाऱ्या पाण्याला सगळं बरोबर आहे, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण आपला पेपर पैठण, गंगापूर, माजलगाव, जिंतूर इथंही वाचला जातो आणि इथल्या होड्या धरणात चालतात. धरणाचं पाणी गोडं. समुद्राला लागतं ते इथं सगळंच लागतं असं नाही, आणि इथं जे लागतं ते त्या लेखात नव्हतं. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण फोमचा आणि उन्हाचा भाग ठेवा.

मी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. आमचं गाव नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या कडेला आहे, सासऱ्यांचं जुनं गाव धरणात गेलं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं, हे आमच्याकडे लहान पोरालाही तोंडपाठ असतं, कारण घराघरातलं वय त्यावरूनच मोजतात. आम्ही भोई, मासेमारी पिढीजात. आमच्या मालकांची फायबरची होडी आहे, तिला आडव्या दोन फळ्या. एकीवर बसून वल्हं मारायचं, दुसरीवर बसून जाळं ओढायचं. पहाटे पाण्यात गेलेला माणूस ऊन चढेपर्यंत त्या उघड्या फळीवर बसतो. पूर्वी खाली पोतं घडी करून टाकायचे. पोतं ओलं होतं, ओलं पोतं थंडीत मांडीला लागतं, आणि दिवसभर मग कंबर धरून बसायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, बसायची जागा बदला. म्हणून हा उद्योग.

मी गादी शिवायला घेतली तर सासरे म्हणाले, ‘काय करायलीस? होडीत पलंग टाकायलीस का?’ आता ते त्याच गादीवर बसतात, पण त्यावर बोलत नाहीत.

आधी पाण्याचं सांगते. खारं पाणी लोखंड खातं. कोकणात साधी पिन मारली की गंजून कापडावर तांबडा डाग उतरतो, म्हणून तिथं भारी स्टील लागतं, हे लेखकाचं खरं आहे. गोडं पाणी लोखंडाला जरा दमानं घेतं. पण लाकडाला ते जास्त वाईट, हे लेखात नव्हतं. लाकूड कुजवणारी बुरशी मिठात नीट जगत नाही, गोड्या पाण्यात मात्र तिचं फावतं. जुन्या काळच्या लाकडी जहाजांच्या फळ्यांमध्ये मुद्दाम मीठ भरायचे, असं मी वाचलंय. म्हणजे धरणातल्या होडीसाठी पैसे घालायचेच असतील तर पिनांत घालू नका, प्लायवूडमध्ये घाला.

प्लायवूड घेताना ७१० नंबर बघायचा. आयएस ७१० हा मरीन प्लायचा नंबर. त्याचे थर ज्या डिंकानं चिकटवलेले असतात तो पाण्यानं सुटत नाही, आणि तपासणीत त्याचा तुकडा बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवतात. ३०३ नंबरमध्ये घरातल्या कपाटाचा साधा प्लाय येतो. होडीत तो एक पावसाळा काढतो आणि मग पुस्तकासारखा उलगडतो. दुकानदार तोंडानं ‘वॉटरप्रूफ आहे ताई’ म्हणतात. तोंडावर जायचं नाही, शिक्का बघायचा. एका दुकानात मला शिक्का नसलेला तुकडा ‘त्याच शीटचा आहे’ म्हणून दाखवला. मी तो तिथंच ठेवला. पूर्ण शीट घ्यायची गरज नाही. शहरात किचनचं फर्निचर करणाऱ्या सुतारांकडे ७१० चे तुकडे पडलेले असतात, बारा मिलीमीटरचे. आपल्याला एका बैठकीला सव्वातीन फूट बाय एक फूट एवढाच हवा. शिक्क्याची बाजू असलेला तुकडा मागून घ्यायचा.

प्लाय चांगला असला तरी त्याच्या कडा उघड्या असतात आणि पाणी कडेनंच शिरतं. वरून कितीही रंग द्या, कडा कोरडी राहिली तर उपयोग नाही. आम्ही फायबरच्या होडीला लावायचं रेझिन गावातल्या दुरुस्तीवाल्याकडून थोडं घेतलं आणि कडांना दोन हात दिले. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, दुसरा वर बसतो. रेझिन नाही मिळालं तर प्रायमर आणि ऑइल पेंट चालेल, पण कडेला तीन हात द्या. भोकं पाडायची असतील तर ती रेझिनच्या आधी पाडा, म्हणजे भोकाच्या आतूनही हात बसतो. सुतार हे उलटं करतात.

आणि भोकं पाडायचीच. माझा सगळा मुद्दा इथं आहे. लेखात शिलाईवर सीलर लावा, फोम प्लास्टिकमध्ये गुंडाळा, पाण्याचा थेंब आत जाऊ देऊ नका, असं सांगितलंय. पाणी आत जाणार. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दार आहे, आणि एका बैठकीला मी अशी शेकडो दारं पाडते. पावसाचं जातं, जाळ्याचं जातं, ओल्या लुंगीचं जातं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या फोममध्ये एकदा गेलं की बाहेर यायला वाट नाही. मग ते आत आंबतं, आणि वर माणूस बसला की शिलाईतून काळं पाणी येतं. मोटारसायकलच्या फाटक्या सीटवर पावसाळ्यात कोण बसलं असेल त्याला हे सांगायला नको. म्हणून पाणी अडवायच्या नादाला लागायचं नाही, ते खालून लवकर कसं निघेल ते बघायचं. प्लायला करंगळी जाईल एवढी भोकं, एक वीतभर अंतरावर. आणि बैठकीच्या तळाला रेक्झिन न लावता शेडनेट. टोमॅटोच्या रोपांवर टाकतात ती हिरवी जाळी. ती उन्हासाठीच बनवलेली असते, कुजत नाही, आणि आमच्या भागात ज्याच्या त्याच्या गोठ्यावर तिचा तुकडा असतो.

फोमचं. साध्या गादीचा फोम म्हणजे स्पंज. तो कितीही डेन्सिटीचा घ्या, पाणी पितो. दुकानात बत्तीस डेन्सिटी, चाळीस डेन्सिटी असं सांगतात, तो घनमीटरला किती किलो याचा हिशोब आहे. त्यावरून दाटपणा आणि टिकाऊपणा कळतो, पाणी पिणार की नाही ते कळत नाही. पाणी न पिणारा फोम वेगळा. त्याच्या आतले बुडबुडे बंद असतात. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा फोमही तसलाच, पण त्यावर रोज बसलं की दोन-तीन महिन्यांत तो चपटा होऊन बसतो, परत वर येत नाही. आम्हाला उपयोगी पडला तो ईव्हीए. स्लीपरचा तळ असतो तोच. लहान पोरांच्या खोलीत जमिनीवर टाकतात त्या रंगीत, एकमेकांत अडकणाऱ्या चटया ईव्हीएच्या असतात. शहरात प्ले-ग्रुप बंद झाला की त्या कवडीमोल विकतात. अशा तीन चटया एकावर एक, मध्ये फेविकॉल एसआर. दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं, ओलं असताना नाही. तिन्ही मिळून दीड इंच होतं. पहिल्यांदा बसल्यावर टणक वाटतं. दोन तास बसल्यावर कळतं की टणकच बरं, कारण मऊ फोम दबून शेवटी बूड फळीलाच टेकतं.

दीड इंचाच्या वर मात्र जाऊ नका. नाथसागर रुंद आहे आणि पुष्कळ ठिकाणी उथळ आहे, दुपारी वारा सुटला की बघता बघता लाट उठते. माणूस जितका उंच बसेल तितकी होडी कलते. शिवाय वल्हं गुडघ्याला लागतं. लेखातल्या फोटोत बैठकीखाली सामानाची पेटी होती आणि वर चार इंच गादी. मोठ्या बोटीला ते शोभतं. आमच्या होडीत त्यावर बसलेला माणूस पाण्यात जाईल. होडीची मूळ आडवी फळी काढून तिथं नवी बैठक बसवू नका, हेही सांगते. ती फळी नुसती बसायला नसते, ती होडीच्या दोन्ही बाजू धरून ठेवते.

आता माझ्या कामाचं.

रेक्झिन. दुकानात गेल्यावर सगळे सुलट बाजू बघतात, रंग बघतात, हात फिरवतात. उलटी बाजू बघा. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. खालचं कापड सुती असेल तर ओलीनं ते कुजतं आणि वरचा थर एकटा पडून टराटरा फाटतो. ओळखायचं कसं? कडेचा एक दोरा उपसून काढायचा आणि काडी लावायची. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख होते, चिमटीत चुरगळते. पॉलिएस्टरचा दोरा वितळतो, आक्रसतो आणि टोकाला टणक मणी होतो. मणी झाला तर घ्या. दुकानदार काडी ओढू देत नसेल तर दोरा घेऊन दुकानाबाहेर या.

रंग फिका घ्या. राखाडी, बदामी, कसलाही, काळा आणि गडद निळा सोडून. मराठवाड्याचं ऊन चाळिशीच्या पुढं जातं, त्यात काळ्या रेक्झिनवर बसणं म्हणजे शिक्षा. आणि ऊन फक्त बसणाऱ्याला लागत नाही. रेक्झिन मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळं. उन्हानं ते उडत जातं, मग रेक्झिन कडक होतं आणि तडे जातात. ट्रॅक्टरच्या सीटा बघा. खरं सांगायचं तर इथं होडीच्या बैठकीचा शत्रू पाणी दुसऱ्या नंबरचा आहे, पहिला ऊन. होडी काठाला लावली की बैठक काढून सावलीत उभी करून ठेवायची. आडवी नाही, उभी. राहिलेलं पाणी खालच्या कडेनं निघून जातं.

दोरा पॉलिएस्टरचा जाड घ्या. सगळे सांगतात नायलॉन मजबूत, नायलॉन घ्या. नायलॉन मजबूत आहेच, पण उन्हाला पॉलिएस्टर जास्त टिकतो. हे मला पटवायला कुणी लागलं नाही. नायलॉनचं जाळं उन्हात पडून राहिलं की हातानं तुटायला लागतं, म्हणून आमच्याकडे जाळी सावलीत टांगतात.

मशीन माझं साधं पायाचं आहे. त्यावर रेक्झिन शिवता येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी सुई बदलून बघावी. ब्लाउजला मी चौदा नंबर वापरते, रेक्झिनला अठरा. टाका मोठा ठेवायचा, इंचाला सहा-सात. ब्लाउजसारखा बारीक टाका घातला तर सुईची भोकं इतकी जवळ येतात की त्याच रेषेवर रेक्झिन तिकिटासारखं फाटतं. टाचणी लावायची नाही, कारण रेक्झिनला पडलेलं भोक बुजत नाही. कच्चा टाकाही नाही. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायचे. आणि मशीनचा पाय रेक्झिनला चिकटतो, कापड पुढं सरकत नाही, सुई तिथंच टकटक करत बसते. त्यावर उपाय म्हणजे पायाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून तिच्यावरून टीप मारायची आणि मग कागद फाडून काढायचा. आपल्या पेपरचा एवढा उपयोग मी नक्की केलाय. तीन थरांच्या वर आलं तर पायटा सोडून द्या आणि चाक हातानं फिरवा.

लेखात रेक्झिन प्लायला पिनांनी ठोकायला सांगितलंय. त्याला टॅकर, म्हणजे पिना ठोकायचं हत्यार लागतं, भारी पिना लागतात, आणि एकदा ठोकलं की धुवायला निघत नाही. मासळीचा वास लागलेली गादी घरात कोण घेईल? मी पिना मारल्याच नाहीत. परकराला घालतो तसा नेफा घातला. प्लाय अकरा इंच रुंद, वर दीड इंच चटई, अर्धा इंच प्लायची जाडी, आणि खाली वळायला तीन इंच, त्यातला शेवटचा एक इंच नेफ्याचा. रुंदीत एकवीस इंच होतात. लांबीतही तसंच दोन्हीकडून पाच-पाच धरायचे. चोपन्न इंच पन्ह्याचं रेक्झिन असेल तर दोन बैठका सव्वा मीटरमध्ये निघतात. चटई कव्हरच्या मापापेक्षा चारी बाजूंनी पाव इंच मोठी कापायची, म्हणजे कव्हर ताठ बसतं, नाहीतर लोळतं.

चारी कोपरे उलट्या बाजूनं चिमटीत धरून दोन इंच उंचीची उभी टीप, ब्लाउजच्या टक्ससारखी. जादाचं अर्ध्या इंचाची माया ठेवून कापायचं. अशानं वरच्या तोंडावर, जिथं पाणी साचतं तिथं, एकही टीप येत नाही, सगळ्या बाजूला येतात. नेफा सलग करू नका, चार बाजूंचे चार तुकडे करा आणि कोपऱ्यावर दोरी उघडी ठेवा, नाहीतर कोपऱ्यात गोळा होतो. दोरी जाळ्याच्या वरच्या काठाला लावतात ती. ही दोरी मात्र नायलॉनची असली तरी चालते, ती खाली सावलीत असते. प्लायखाली शेडनेटचा तुकडा धरायचा, त्यावरून नेफा ओढायचा आणि गाठ मारायची. शेडनेट नेफ्याखाली दाबून बसते.

थंडीत सकाळी हे कव्हर चढत नाही, रेक्झिन पत्र्यासारखं होतं. लेखकानं त्यासाठी हीट गन सांगितली आहे. आम्ही कव्हर दुपारी पत्र्यावर टाकलं. अर्ध्या तासात मऊ झालं, ओढून बसवलं, आणि सावलीत आल्यावर आपोआप ताणलं. उन्हाचं नुकसान आम्ही फुकट भोगतो, तर एवढा फायदा का सोडायचा?

प्लायच्या कडेवर रेक्झिन घासून फाटतं, त्यावर मालकांनी युक्ती काढली. ठिबकची सोळा मिलीमीटरची जुनी नळी लांबीत चिरली आणि कडेवर बसवली. आत बारा मिलीमीटरचा प्लाय बरोबर घट्ट बसतो. कोपरे आधी वाटी ठेवून गोल करून घेतले होते, तिथं नळी वळते. या नळीला कुठलाच डिंक धड चिकटत नाही आणि चिकटवायची गरजही नाही, वरून रेक्झिनचा ताण तिला धरून ठेवतो. काळी नळी उन्हासाठीच काळी असते. शेतात चोक झालेल्या नळ्यांचे ढीग पडलेले असतात, कुणी पैसे मागत नाही.

होडीच्या फळीवर जुन्या टायरच्या तीन पट्ट्या आडव्या चिकटवल्या आणि बैठक त्यावर ठेवली. मध्ये जी फट राहते तिच्यातून पाणी जातं आणि वारा खेळतो. पोराच्या जुन्या दप्तराचे दोन पट्टे आणि त्यांची प्लास्टिकची बकलं काढून बैठक फळीला बांधली, वाऱ्यानं उडायला नको म्हणून. होडीला एकही भोक पाडलं नाही. आणि अख्ख्या बैठकीत लोखंड नावालाही नाही, तर स्टील ३१६ नंबरचं काय आणि ३०४ नंबरचं काय. प्लायचे तुकडे, चटया, रेक्झिन, रेझिन, दोरा, सुया, सगळं धरून दोन बैठकांना दीड हजाराच्या आत बसलं. माझी मजुरी त्यात नाही, ती कुणी धरतही नाही.

खताच्या पिशवीत फोम घालून बैठक करा, असं बरेच जण सुचवतात, कारण पिशव्या घरात असतात. करू नका. ती विणलेली पिशवी उन्हात काही महिन्यांत भुसा होते आणि तो भुसा पाण्यात जातो, जिथून आपण मासे काढतो.

आणखी एक. ईव्हीए तरंगतो. त्यामुळं आमच्या इथं काही जणांना वाटायला लागलंय की अशी बैठक असली म्हणजे जॅकेट नको, बुडायची वेळ आली तर बैठक धरू. ओल्या हातानं रेक्झिन धरून बघा, किती वेळ धरवतं ते. जॅकेट अंगाला बांधलेलं असतं, आणि चांगलं जॅकेट शुद्ध हरपली तरी तोंड पाण्याच्या वर ठेवायला मदत करतं. बैठक तर आपण स्वतःच फळीला बकलांनी बांधून ठेवलेली असते! बसायला बैठक आणि अंगात जॅकेट, दोन्ही.

आता मागणी, कारण पत्रात मागणी नसली तर आपण छापत नाही असं ऐकते. गावोगाव बायकांना मशिनी मिळाल्यात आणि शिवणक्लासही होतात. सगळ्यांना तेच शिकवतात, ब्लाउज, परकर, पिशव्या, गोधडी. लग्नसराई आणि दिवाळी सोडली तर त्या मशिनींवर पांघरूण असतं. आणि त्याच गावातून ट्रॅक्टरची सीट, मोटारसायकलची सीट, रिक्षाचा हूड, सगळं तालुक्याला किंवा संभाजीनगरला जातं. जायचं भाडं, यायचं भाडं, आणि तिथं जे मागतील ते. माझ्याकडे शेजाऱ्यांच्या होड्यांच्या बैठका आल्या, मग एका ट्रॅक्टरवाल्यानं सीट आणून टाकली आणि म्हणाला, बघा जमतंय का. जमलं. ट्रॅक्टरच्या सीटला नेफा चालत नाही, तिथं खालून तारेचे आकडे लागतात, पण ते वेगळं प्रकरण आहे. क्लास घेणाऱ्यांनी अठरा नंबरची सुई आणि दोन मीटर रेक्झिन एवढंच जास्तीचं आणलं तरी बायकांना बारा महिने काम मिळेल. आपल्या पुरवणीत पाककृतींना दर आठवड्याला अर्धं पान असतं. त्यातलं एखाद्या वेळी याला द्यावं.

लेखकमहाशयांना हे पत्र जरूर दाखवा. त्यांनी सांगितलेला तो जाळीदार फोम मला नीट कळला आहे. त्याची भोकं मोठी आणि उघडी असतात, पाणी वरून ओतलं की खालून निघून जातं, थांबतच नाही. माझ्या चटयांपेक्षा तो बसायला चांगला असणार, यात शंका नाही. तो अख्ख्या शीटऐवजी तुकड्यात कुठं मिळतो, आणि दीड इंच जाडीचा फूटभर रुंद तुकडा केवढ्याला पडतो, एवढं त्यांनी आपल्या पेपरातून कळवावं. इथं चार-पाच घरांना मिळून मागवायचा आहे.

नाव छापू नये.

आपली एक वाचक,
ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर